रेपियरला फिरंग म्हणावं का?

प्रश्न असा आलाय : जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या एका वाचकांनी नुकतीच रेपियर, म्हणजे लांब, अरुंद पात्याची युरोपीय तलवार, घेतली. त्यांच्या घरी प्रत्येक शस्त्राखाली मराठी पाटी असते. रेपियरखाली काय लिहावं, 'फिरंग', 'किरच' की सरळ 'तलवार'? आणि ती ज्या 'ड्युएल'साठी (अब्रूसाठी दोघांनी ठरवून केलेल्या झुंजीसाठी) प्रसिद्ध आहे, त्याला 'द्वंद्वयुद्ध' म्हटलेलं चालेल का?

फिरंग आधी निकालात काढू. युरोपातून आलेली ती फिरंग, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मराठीत हा शब्द आधीच एका ठरावीक शस्त्राला देऊन झालाय. युरोपीय सरळ पातं आणि त्यावर इथल्या कारागिराने चढवलेली मूठ, पंजा झाकणारी रुंद परज, मुठीच्या टोकाला दुसऱ्या हाताने धरता येईल अशी खुंटी, हा सगळा ऐवज म्हणजे फिरंग. नागपूरकर रघूजी भोसल्यांची जी तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिच्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरी लेख आहे. त्यात रघूजींचं नाव आहे, 'सेनासाहिबसुभा' हा किताब आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. पातं युरोपीय, मूठ इथली. तलवारीने स्वतःच नाव सांगितल्यावर आपण कशाला वाद घालायचा? स्पेनमध्ये घडलेली आणि तिथल्याच माणसाच्या कमरेला लटकलेली रेपियर या व्याख्येत बसत नाही. (आयुर्वेदात 'फिरंग' हा रोगही आहे, १६व्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात त्याची चिकित्सा सापडते. फिरंग्यांनी काय काय आणलं त्याची यादी मोठी आहे.)

किरच जास्त जवळची. किरच सरळ, अरुंद आणि मुख्यतः भोसकायची. मलायातल्या 'क्रिस' या खंजिराशी तिचं नातं लावलं जातं, पण आपल्याकडे ती म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो गणवेशातला अधिकारी. माझी अडचण नेमकी इथे आहे. किरच काय, धोप काय, पट्टा काय, आपल्या भाषेतली ही सगळी नावं लष्करातली आहेत. रेपियर लष्करातली नव्हे.

तिच्या नावातच ते आहे. बहुतेक अभ्यासक हे नाव स्पॅनिश 'एस्पादा रोपेरा'पर्यंत नेतात. 'रोपा' म्हणजे कपडे, म्हणून रोपेरा म्हणजे चिलखतावर न बांधता रोजच्या कपड्यांवर बांधायची तलवार. १५व्या शतकात स्पेनमध्ये हा शब्द दिसतो आणि १६व्या शतकात ही चाल युरोपभर पसरते. सरदार, व्यापारी, विद्यार्थी, नट, ज्याला आपण कोणीतरी आहोत असं दाखवायचं असेल तो ती लावून बाजारात हिंडायचा. पाती इतकी लांबत गेली, की इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६६ च्या फर्मानात मर्यादा घालून दिली : एक यार्ड आणि वर अर्धा पाव यार्ड, म्हणजे ४०.५ इंच. जॉर्ज सिल्व्हर नावाच्या इंग्रज तलवारबाजाने तर १५९९ मध्ये पुस्तक लिहून या परदेशी फॅशनवर तोंडसुख घेतलं. लढाईत या लांब सुईचा उपयोग काय, हा त्याचा मुख्य मुद्दा, आणि तो चुकीचा नव्हता.

सुई म्हटलं तरी ती हलकी नव्हती. सिनेमातली नायक मंडळी छडीसारखी फिरवतात ते सोडून द्या. खरी रेपियर साधारण एक ते सव्वा किलोची, म्हणजे आपल्या तलवारीच्या तोडीची. जड मुठीमुळे वजन हाताजवळ राहतं आणि टोक चपळ होतं, एवढंच.

तिचं काम कसं चालायचं याची एक नोंद इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदांत आहे. २२ सप्टेंबर १५९८, लंडनबाहेरचं हॉक्सटनचं मैदान. नाटककार बेन जॉन्सनने गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला मारलं. आरोपपत्रात रेपियरचं नाव आहे आणि किंमतही : तीन शिलिंग. जखम उजव्या कुशीत, सहा इंच खोल, एक इंच रुंद. तो एक इंच लक्षात ठेवा, पातं काही विणायच्या सुईइतकं बारीक नव्हतं. पुढे जॉन्सनने एका मित्राला सांगितलं, की समोरच्याची तलवार माझ्या तलवारीपेक्षा दहा इंच लांब होती. लॅटिन वाचता येणाऱ्याला मिळणाऱ्या धर्मगुरूंच्या सवलतीवर तो फाशीतून सुटला, अंगठ्यावर मात्र डागणी बसली.

या प्रसंगाचं मराठी करताना क्रियापदांची पंचाईत होते. आपली तलवार वार करते, घाव घालते, सपासप चालते. रेपियर भोसकते, खुपसते. 'जॉन्सनने रेपियरने वार केला' असं लिहिलं, की वाचकाला खांद्यावरून खाली येणारं पातं दिसतं, आणि ते चित्र खोटं आहे. कापायला ती वापरत नसत असं नाही, पण जीव जायचा तो टोकाने.

आता ड्युएल. 'द्वंद्व' म्हणजे जोडी, तेव्हा अर्थ उघड आहे. गंमत अशी की ड्युएलच्या मुळाशी 'दोन' नाही. लॅटिन 'दुएल्लुम' हे युद्धवाचक 'बेल्लुम'चंच जुनं रूप, 'दुओ'शी त्याची सांगड मध्ययुगात लोकांनी घातली. पण खरी अडचण व्युत्पत्तीची नव्हे. द्वंद्वयुद्ध म्हटल्यावर आपल्याला भीम आणि जरासंध आठवतात. उघड्यावर, सर्वांसमक्ष, नियमांत, आणि निकाल सगळ्यांना मान्य. फ्रान्समध्ये १५४७ मध्ये जार्नाक आणि ला शातैन्येरे यांची जी झुंज राजा दुसरा आंरी आणि त्याच्या दरबारासमोर झाली, तिला द्वंद्वयुद्ध हा शब्द चपखल बसतो. राजाची परवानगी होती. जार्नाकने गुडघ्यामागची शीर तोडली आणि राजाचा लाडका ला शातैन्येरे दुसऱ्या दिवशी मेला. फ्रान्सच्या राजाने परवानगी दिलेली ती शेवटची झुंज.

त्यानंतरची मात्र सगळी विनापरवानगी. आव्हानाची चिठ्ठी जायची, जागा ठरायची, दोघांचे 'सेकंड', म्हणजे सोबत आणलेले साथीदार, बोलणी करायचे आणि पुष्कळदा स्वतःच तलवारी उपसून आपसांत जुंपायचे, म्हणजे 'द्वंद्व' संपून चौघांची मारामारी. फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशल्यू याच्या काळात १६२६ मध्ये कडक हुकूम निघाला, तरी काँत द बूतव्हील हा सरदार पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्लास रॉयाल चौकात भरदिवसा लढला आणि जूनमध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. या प्रकाराला मी 'ड्युएल'च लिहीन. अब्रूसाठी केलेला, कायद्याने गुन्हा असलेला, तरी समाजाला मान्य असलेला हा व्यवहार 'द्वंद्वयुद्ध' म्हटल्यावर फार उदात्त होऊन बसतो. आणि आव्हान स्वीकारण्याला 'विडा उचलला' म्हणू नका. विडा दरबारात कामगिरीसाठी उचलतात, शेजाऱ्याशी भांडायला नव्हे.

तेव्हा पाटीवर माझ्या मते असं लिहा : 'रेपियर (प्रतिकृती). नागरी पोशाखावर बांधायची युरोपीय तलवार, १६वं-१७वं शतक.' 'नक्कल' नको, त्यात चोरीचा वास येतो, आणि 'नकली' तर नकोच. शतक लिहिण्याआधी मूठ बघून घ्या. बोटांभोवती वेढे घेणाऱ्या सळयांची मूठ असेल तर १६वं शतक चालेल. वाटीसारखी बंद मूठ असेल तर ती १७व्या शतकातली, विशेषतः स्पेन आणि स्पेनच्या ताब्यातल्या इटलीतली पद्धत. तिच्याखाली बेन जॉन्सनच्या काळातलं साल लिहिलंत तर कोणीतरी जाणकार पाहुणा पकडणारच. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका, तिथे शतकं सैल हाताने वाटलेली असतात.

लिंगाचं विचाराल तर स्त्रीलिंगी. तलवार, किरच, फिरंग, धोप, समशेर या सगळ्या 'ती', खांडा आणि पट्टा 'तो'. अकारान्त रेपियर आपसूक तलवारीच्या रांगेत जाते : ती रेपियर, त्या रेपियरी. विभक्तीत 'रेपियरीने' जरा जड वाटलं तर 'रेपियरने' लिहा, परक्या शब्दाला तेवढी सूट आपण नेहमीच देतो.