‘पुस्तकच भारी’ असं लिहिण्याआधी

प्रिय दोस्ता,

‘गेट शॉर्टी’ या हॉलिवूडच्या विनोदी गुन्हेपटावरचा तुझा मजकूर वाचला. त्यात मुख्य तक्रारी तीन आहेत: गोष्ट डोक्यावरून जाते, पात्रं नुसती येऊन जातात, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, ‘पुस्तकच भारी’. पाच-सात चोर, दोन-तीन मूर्ख आणि एक पैशांची बॅग असलेला सिनेमा पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुतेक वेळा हेच तीन मुद्दे बोलतो. त्यात खोटं काही नसतं, पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच की तू वैतागलास. सिनेमाबद्दल काहीच कळत नाही.

आधी गुंतागुंत सोडवू. अशा सिनेमात पात्रांची यादी करत बसू नकोस, पैशांची कर. वहीच्या पानावर चार रकाने आख: रक्कम किती, खरी कोणाची, आत्ता कोणाकडे, आणि कोणाचा डोळा तिच्यावर. मग सिनेमा पुन्हा लाव. एकूण १०५ मिनिटं आहेत, पहिल्या पाऊण तासातच पान भरेल.

लिओ या ड्रायक्लीनरकडे चिली पामरचे, म्हणजे जॉन ट्रॅव्होल्टाने रंगवलेल्या वसुलीवाल्याचे, १५ हजार डॉलर थकलेत. लिओचं विमान पडलं, पण तो त्यात नव्हताच, विमानतळावर पीत बसला होता. विमान कंपनीने बायकोला भरपाईचे ३ लाख दिले आणि ते घेऊन हा पसार. दुसरीकडे हॅरी झिम (जीन हॅकमन) हा हॉलिवूडमधला फुटकळ भयपटांचा निर्माता. त्याने ड्रग्जच्या धंद्यातल्या बो कॅटलेटच्या (डेलरॉय लिंडो) लोकांचे २ लाख सिनेमासाठी घेतले आणि लास व्हेगासला जुगारात घालवले. शिवाय तिथल्या कॅसिनोचे दीड लाख अंगावर आहेतच. कॅटलेटचे ५ लाख विमानतळाच्या लॉकरमध्ये पडून आहेत आणि त्यावर साध्या वेशातल्या पोलिसांची नजर आहे. आणि हॅरीला जी पटकथा हवी आहे तिची किंमत, लेखकाची विधवा सांगते ती, पुन्हा ५ लाख.

शेवटच्या दोन आकड्यांवर बोट ठेव. एकाला पाच लाख हवेत आणि तेवढेच पाच लाख एका लॉकरमध्ये सापळा होऊन बसलेत. सिनेमाचा उत्तरार्ध या एका जुळणीवर उभा आहे. चिली स्वतः विमानतळावर जाऊन वास घेतो, पोलीस त्याला हटकतात, तो सुटतो. तो प्रसंग पाहताना किरकोळ वाटतो. शेवटी दुसराच कोणी किल्ली घेऊन तोच लॉकर उघडायला जातो, तेव्हा तो किरकोळ प्रसंग वसूल होतो. ज्यांच्या नजरेतून तो निसटला ते लिहितात, ‘शेवट योगायोगाने गुंडाळलाय’. तूही तसंच लिहिलंस. ते वाक्य काढ.

आता पुस्तक. एल्मोर लेनर्डची कादंबरी १९९०ची, पटकथा स्कॉट फ्रँकची, दिग्दर्शन बॅरी सोनेनफेल्डचं. अख्खी कादंबरी समोर ठेवून काय गाळलं याची जंत्री करू नकोस. यादी कोणीही करेल आणि ती कोणी वाचणार नाही. तीन जागा निवड आणि त्याच नीट बघ.

पहिली जागा कोटाची. हॉटेलात जेवून निघताना चिलीचा चामड्याचा कोट गायब, कारण रे बोन्स नावाचा गुंड तो घालून गेलाय. कादंबरीतला चिली व्यवस्थापकाला काय सांगतो? काळा कोट, बोटांच्या टोकांपर्यंत लांब, ‘सर्पिको’ सिनेमात अल पचिनोच्या अंगावर होता तसा. सापडला नाही तर ३७९ डॉलर द्या. पटकथेच्या एका खर्ड्यात या जागी साधं ‘माझा कोट कुठाय, चारशे डॉलरचा होता’ अशा धर्तीचं वाक्य आलं होतं. ट्रॅव्होल्टाने हट्ट धरला की कादंबरीतलीच भाषा परत आणा. हट्ट का रास्त होता ते बघ. चारशे म्हणणारा माणूस अंदाजाने बोलतो. ३७९ म्हणणारा हिशेब ठेवतो, वसुली हाच त्याचा धंदा आहे. आणि कोटाचं वर्णन करतानाही त्याला सिनेमाच आठवतो. हा माणूस उद्या निर्माता होणार, हे त्या एका वाक्यात पेरलंय. ‘संवाद खुसखुशीत आहेत’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे एवढंच लिहिलंस तरी तुझा मजकूर उभा राहील.

दुसरी जागा काळाची. कादंबरीत कोटाचं भांडण मूळ गोष्टीच्या बारा वर्षं आधीचं, म्हणून बोन्सचा राग मुरलेला आहे. सिनेमात ती बारा वर्षं उडवली आहेत. चिलीने बोन्सचं नाक फोडलं ते आत्ताच, बोन्सच्या डोक्याला गोळी चाटून गेली तीही आत्ताच, आणि वरचा माणूस मरताच चिली त्याच बोन्सच्या हाताखाली येतो. गोष्टीला वेग आला, बोन्स मात्र थोडा कार्टूनसारखा झाला. हे बरं झालं की वाईट, ते तू ठरव. पण ‘पुस्तकातली खोली हरवली’ म्हणायचं असेल तर अशी जागा दाखवून म्हण.

तिसरी जागा शेवटाची. ती इथे फोडत नाही. कादंबरीचं शेवटचं पान आणि सिनेमातलं शेवटचं दृश्य एकाच बैठकीत बघ.

जाताजाता तू लिहिलेलं ‘हसू आलं नाही’ हे मत मात्र मी खोडणार नाही, फक्त तपासून घे म्हणेन. लेनर्डने सोनेनफेल्डला बजावलं होतं की कोणी मजेशीर वाक्य बोललं की लगेच दुसऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नकोस, कारण ही माणसं आपापल्या जागी गंभीर आहेत. मार्टिन वेअरचा हॉटेलातला प्रसंग घे. डॅनी डेव्हिटोने रंगवलेला हा बुटका सुपरस्टार, शीर्षकातला ‘शॉर्टी’ तोच. तो मेन्यूकार्डाकडे ढुंकूनही न बघता अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं स्वतःच्या मनातलं ऑम्लेट सविस्तर सांगतो आणि ते टेबलावर यायच्या आत उठून निघून जातो. कोणी डोळे फिरवत नाही, संगीत ‘आता हसा’ म्हणत नाही. आपल्याकडे विनोदाच्या मागून टुंग वाजायची सवय लागलेल्या कानाला हे सपाट वाटू शकतं. सपाट वाटलं तर तसं लिही, पण कशामुळे तेही लिही.

एक विचारायचं राहिलं: सव्वापट वेगाने पाहिलास का? तसं असेल तर हसू न येण्याचं खापर सिनेमावर फोडू नकोस. इथे संवाद आधीच भरभर आहेत आणि गंमत दोन वाक्यांमधल्या अर्ध्या सेकंदात आहे. सबटायटलमध्येही घात होतो. जागा पुरावी म्हणून वाक्य छाटतात आणि ‘३७९’सारखा तपशीलच आधी जातो.

पात्रांबद्दलची तुझी तक्रार अर्धी खरी आहे. कॅटलेटचा हस्तक बेअर (जेम्स गँडोल्फिनी) थोड्याच प्रसंगांत आहे, पण जिना उतरताना घरंगळला तरी हा माजी स्टंटमन लक्षात राहतो. त्याला ‘वाया घालवलंय’ म्हणता येणार नाही. नायिका कॅरनचं (रेने रुसो) तसं नाही. तिच्यासाठी एक मोजणी कर: ती पडद्यावर असलेले प्रसंग किती, आणि तिच्या निर्णयाने गोष्ट वळली असे किती? दुसरा आकडा फारच लहान निघेल. मग ‘नायिकेला काम नाही’ याऐवजी तो आकडाच लिही.

इतरांची मतं वाचताना तारखा बघत जा. याच सोनेनफेल्डचा ‘बिग ट्रबल’ हा डेव्ह बॅरीच्या १९९९च्या कादंबरीवरचा विनोदी गुन्हेपट. तो सप्टेंबर २००१मध्ये यायचा होता, आणि त्यात अण्वस्त्र घेऊन विमानात चढणारे बावळट चोर आहेत. ११ सप्टेंबरनंतर तो एप्रिल २००२पर्यंत मागे गेला. तेव्हाच्या प्रेक्षकाला विमानतळावरच्या ढिसाळ तपासणीचं हसू येणं अवघडच होतं. आज पाहणाऱ्याचं मत वेगळं पडलं तर दोघांपैकी कोणी चुकलं असं नाही. उलट ‘गेट शॉर्टी’चा पुढचा भाग ‘बी कूल’ (२००५) बघ. मूळ कादंबरी लेनर्डचीच, नायक ट्रॅव्होल्टाच, दिग्दर्शक मात्र दुसरा, आणि इथे पात्रं आपण विनोदी आहोत हे ठाऊक असल्यासारखी वागतात. ऑम्लेटचा मुद्दा पटला नसेल तर त्यातली पहिली वीस मिनिटं पुरतील.

नवा खर्डा सहाशे शब्दांपर्यंत चालेल. कथासार पाच ओळींच्या वर नको, आणि लॉकर कोण उघडतो ते त्यात नको. पैशांचं ते पान सोबत पाठव.

तुझा,
एक जुना प्रेक्षक