सुतार दारात, कॉन्ट्रॅक्टर गायब

प्रश्न (कोथरूड, पुणे): वकीलसाहेब नमस्कार. आमच्या टू बीएचकेचं किचन, वॉर्डरोब, टाइल्स असं सगळं काम एका कॉन्ट्रॅक्टरला ९ लाखात दिलं. कागद काही केला नाही, व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं आणि मी "ओके, चालू करा" म्हटलं. आत्तापर्यंत साडेसात लाख दिलेत आणि आता तो फोनच उचलत नाही. सुतार रोज दारात येऊन बसतो, म्हणतो माझे १ लाख ४० हजार त्याच्याकडे अडकलेत, तुम्ही द्या, नाहीतर किचनचे शटर देणार नाही (म्हणजे कपाटांची दारं, ती लॅमिनेट लावायला त्याच्या वर्कशॉपवर आहेत). टाइल्सवाला वेगळाच होता, हॉलमधल्या सात-आठ टाइल्स पोकळ वाजतायत. सुतार गरीब माणूस आहे हो, वाईट वाटतं. पैसे द्यायचे का?

उत्तर: लगेच देऊ नका, आणि "तुमच्या पैशाचं मी बघतो" असंही तोंडातून काढू नका. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण त्या शब्दावर विसंबून सुतार पुढे काम करत राहिला तर उद्या तो म्हणणार की साहेबांनी मला स्वतः काम दिलं, आणि तोंडी करारही आपल्याकडे करारच असतो.

आज तुमचा करार फक्त कॉन्ट्रॅक्टरशी आहे. सुताराला त्याने आणलं, रेट त्याने ठरवला, म्हणजे सुताराचं येणं त्याच्याकडून आहे, तुमच्याकडून नाही. सुताराचा वकील कदाचित करार कायद्याचं कलम ७० काढेल, म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा फायदा फुकट घेता येत नाही वगैरे, पण सुताराने काम केलंय ते कॉन्ट्रॅक्टरशी ठरलेल्या मजुरीसाठी, त्यामुळे ते तुमच्यावर सहसा टिकत नाही. आता हीच गोष्ट उलटी फिरवून बघा. टाइल्स पोकळ बसवल्या टाइल्सवाल्याने, पण जबाबदार कॉन्ट्रॅक्टरच. काम दुसऱ्याकडून करून घ्यायला १८७२ चा करार कायदा त्याला साधारणपणे मोकळीक देतो (कलम ४०), पण काम खाली दिलं म्हणून जबाबदारी खाली जात नाही. "तो टाइल्सवाल्याचा प्रॉब्लेम आहे, त्याच्याशी बोला" हे वाक्य प्रत्येक रिनोव्हेशनमध्ये ऐकू येतं आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीचीही किंमत नाही.

शटरचं मात्र जरा नाजूक आहे. तुम्ही प्लाय आणि लॅमिनेट स्वतः घेतलं असेल, बिलं तुमच्या नावावर असतील तर माल तुमचा, पण ज्या वस्तूवर कारागिराने हात चालवलाय ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवायचा हक्क कायदा देतो (कलम १७०). तो हक्क त्या शटरवरच्या मजुरीपुरताच, तुमच्या बेडरूममध्ये फिट झालेल्या वॉर्डरोबची थकबाकी शटर अडवून वसूल करता येत नाही. आणि प्लाय "विथ मटेरियल" रेटमध्ये कॉन्ट्रॅक्टरनेच आणलं असेल तर शटर घरात बसेपर्यंत ते तुमचे झाले का, इथूनच भांडण सुरू होतं. काहीही असो, वर्कशॉपवर चार माणसं घेऊन शटर उचलायला जाऊ नका, तुमचंच प्रकरण पोलिसात जाईल.

तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे न दिलेले दीड लाख. ती सोडायची नाही. आधी कॉन्ट्रॅक्टरला पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, तीच व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर टाका, पंधरा दिवस द्या, अपुऱ्या कामाची यादी फोटोसकट जोडा. तो जागा झाला तर त्याच्याकडून लेखी घ्या की "माझ्या शिल्लक बिलातून १ लाख ४० हजार थेट सुताराला द्यावेत, ते मला पोचले असं समजावं". मग पैसे बँकेतून द्या, कॅश नाही, आणि सुताराकडून सहीची पावती घ्या की या घराच्या कामापोटी आता काही येणं नाही. तो जागा झालाच नाही तर करार संपल्याचं कळवा आणि सुताराशी उरलेल्या कामापुरता नवा, वेगळा कागद करा. रेट थोडा जास्त लावून त्याचं नुकसान भरून काढायचं असेल तर तो तुमचा चांगुलपणा, पण कागदावर जुन्या थकबाकीचा उल्लेख नको. टाइल्स दुसऱ्याकडून काढून बसवल्या तर बिलं जपा, तो जादा खर्च कलम ७३ खाली मागता येतो. मात्र काढण्याआधी टाइल्स ठोकून आवाजासकट व्हिडिओ करा, जमलं तर एखाद्या सिव्हिल इंजिनियरचा एका पानाचा रिपोर्ट घ्या, एकदा राडारोडा टेम्पोत गेला की पुरावाही गेला.

केस करायची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कॉन्ट्रॅक्टर कुठलाही असो. कामापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं. तुम्ही दिलेत साडेसात लाख, म्हणजे फी २०० रुपये. वकील लागतोच असं नाही (हे मी वकील असून लिहितोय). मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि लोक "आज करतो, उद्या करतो" या आश्वासनांवर ती घालवतात. व्हॉट्सॲपचं कोटेशन आणि तुमचं "ओके" हा करारच आहे, फक्त चॅट पुरावा म्हणून देताना नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका आणि चॅट डिलीट करू नका. पोलिसात जायची घाई नको. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि ज्याने साडेसात लाखांतलं बरंचसं काम केलंय त्याच्याबाबतीत ते अवघड जातं.

प्रश्न (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया): आम्ही इथे किचन रिमॉडेल करतोय, ४८ हजार डॉलरचं काम. कॉन्ट्रॅक्टर ३० टक्के ॲडव्हान्स मागतोय. त्यात एका कॅबिनेट सप्लायरकडून, ज्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं, "प्रिलिमिनरी नोटीस" आली. आमच्यावर केस झाली का?

उत्तर: केस नाही, घाबरू नका. पण ती नोटीस फाइलला लावा, कारण तिकडचा कायदा वरच्या कोथरूडच्या उत्तराच्या बरोबर उलट आहे. तिकडे सबकॉन्ट्रॅक्टर आणि मटेरियल सप्लायर यांचा तुमच्याशी करार नसला तरी तुमच्या घरावर बोजा चढवता येतो, त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पै न पै दिली आणि त्याने पुढे दिली नाही तर लीन तुमच्याच घरावर, म्हणजे एकाच कॅबिनेटचे दोनदा पैसे. हा हक्क टिकवायला त्यांनी काम किंवा माल सुरू केल्यापासून २० दिवसांत ही नोटीस द्यायची असते, उशीर झाला तर नोटीसच्या २० दिवसांआधीच्या कामाचा हक्क जातो (रोजंदारीच्या मजुराला नोटीसची गरज नाही). थोडक्यात, तुमच्या घरासाठी कोण कोण पैसे मागू शकतो याची यादी कायदाच तुम्हाला फुकट पाठवतोय.

प्रत्येक हप्त्याच्या आधी, नोटीस पाठवलेल्या प्रत्येकाकडून कंडिशनल वेव्हर (पैसे मिळाले की लीनचा हक्क सोडतो असं लेखी) घ्या, आणि चेक वटल्यावर अनकंडिशनल (म्हणजे बिनशर्त). त्यांचा मजकूर कायद्यातच छापून दिलाय, कॉन्ट्रॅक्टरने स्वतः बनवलेला फॉर्म घेऊ नका. सप्लायरचा आकडा मोठा असेल तर कॉन्ट्रॅक्टर आणि सप्लायर दोघांच्या नावाने जॉइंट चेक काढा. काम संपलं की काउंटी रेकॉर्डरकडे (तिथलं मालमत्ता नोंदणीचं ऑफिस) १५ दिवसांत नोटीस ऑफ कम्प्लिशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोटीस, नोंदवा, मग सबकॉन्ट्रॅक्टरला लीन नोंदवायला ९० ऐवजी ३० च दिवस मिळतात.

आणि ३० टक्के ॲडव्हान्स? तिकडे होम इम्प्रूव्हमेंट कराराला १० टक्के किंवा १००० डॉलर, यातलं जे कमी ते, ही मर्यादा आहे. काही ठरावीक बॉन्ड भरलेले कॉन्ट्रॅक्टर तेवढे सोडले जातात. ४८ हजारांच्या कामाला १००० डॉलर. जो पहिल्याच मीटिंगला १४,४०० मागतो त्याला एकतर कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चाललाय, दोन्हीत मी तरी सही करणार नाही. लायसन्स नंबर सीएसएलबीच्या (कॅलिफोर्नियाचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्ड) साइटवर टाकून बघा. सही झाली असेल तरी तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतं, सही करणारे ६५ किंवा त्यापुढचे असतील तर पाच.

प्रश्न (ठाणे): बाथरूम फोडताना प्लंबरने पाइपला छिन्नी मारली, खालच्या काकूंचं फॉल्स सिलिंग खराब झालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लंबर माझा माणूस नाही, रोजंदारीवर आणला होता.

उत्तर: रोजंदारीवर कोणी आणला? त्यानेच ना. मग निस्तरायचंही त्यानेच. पण काकू आणि सोसायटी दोघं तुमचंच दार वाजवणार, कारण पाणी तुमच्या फ्लॅटमधून आलं. म्हणून सिलिंगवाल्याचं कोटेशन घ्या, कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा की ही रक्कम त्याच्या पुढच्या बिलातून कापली जाईल, आणि काकूंचं काम त्याआधी करून टाका. पैसे दिल्यावर काकूंकडून दोन ओळींची पावती घ्यायला लाजू नका. आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे, त्यात पाणी साठवून खाली झिरपत नाही हे बघितल्याशिवाय सोडू नका, ते बघायला काकूंनाही बोलवा.