गाळ काढायचाय? आधी पारावर हिशोबाचा फळा लावा

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, आठवडी बाजाराचं, सहाएक हजार वस्ती. १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे, तो आता निम्मा गाळानेच भरलाय. आम्ही दहा-बारा पोरांनी ठरवलं की लोकवर्गणीतून गाळ काढायचा, एक संस्था पोकलेन द्यायला तयार आहे, डिझेल गावाचं. पण वर्गणी मागायला गेलं की लोक म्हणतात आधी सभामंडपाच्या पैशाचं काय झालं ते सांगा. आणि ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे तेच सगळा गाळ नेतील अशीही कुजबुज आहे. काय करावं? (एक वाचक)

उत्तर: दादा, लोक सभामंडपाचा हिशोब मागतायत ते बरोबरच करतायत. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, तुमचा त्यात काही संबंध नसेल, तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार कारण आता गावापुढे हात तुम्ही पसरलाय. जुना हिशोब मिळत असेल तर मांडा, नसेल मिळत तर तसं सरळ सांगा आणि नवा हिशोब कसा ठेवणार ते दाखवा.

आमच्या गावात हेच झालं होतं. पहिल्या आठवड्यात वर्गणी नावापुरती जमली. मग एका गुरुजींनी पारावर शाळेतला जुना फळा आणून टांगला आणि रोज संध्याकाळी त्यावर लिहायचं ठरलं, आज मशीन किती तास चाललं, डिझेल किती लिटर, ट्रॉल्या किती आणि कुणाच्या वावरात गेल्या. माझ्या चुलतीने ५०० रुपये दिले होते, ती दळण घेऊन येताना तिथं थांबायची आणि नातवाकडून फळा वाचून घ्यायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली हे तास चुकलेत, मी दुपारी तळ्याकडनंच आले, मशीन तर उभं होतं. ऑपरेटरला विचारलं तर खरंच, पाइप फुटला म्हणून दोन तास काम बंद होतं. गुरुजींनी तिच्यासमोर ते दोन तास पुसले. दुसऱ्या दिवसापासून लोक स्वतःहून पैसे आणून द्यायला लागले, मला आजही तो फळा आठवला की भरून येतं.

आता ट्रॅक्टरवाल्यांचं. हे मशीन यायच्या आधी ग्रामसभेत ठरवा, नंतर ठरवायला गेलात तर भांडणंच होतील. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी संख्या लागते, म्हणजे तुमच्या गावात १०० माणसं बसवायची आहेत, ते जमण्यासारखं आहे. बायका येतील अशी वेळ ठेवा. नियम साधा असावा, मला सुचतो तो असा की ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या दर तीन ट्रॉल्यांमागे एक ट्रॉली बिनट्रॅक्टरवाल्या छोट्या शेतकऱ्याच्या रानात, त्या छोट्या शेतकऱ्याने फक्त डिझेलचे पैसे द्यायचे. आणि ज्याला जमीनच नाही त्याचा काय फायदा हेही विचारा, ट्रॉल्या मोजायचं मजुरीचं काम त्या घरातल्या पोरांना देता येईल.

परवानगीशिवाय तळ्यात मशीन उतरवू नका. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव असेल तर साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतो, त्याहून मोठा ६०० हेक्टरपर्यंतचा राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. तिथेच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेची चौकशी करा, त्यात गाळ वाहून न्यायला छोट्या शेतकऱ्यांना अनुदानाची तरतूद आहे. वाळू मात्र काढायची नाही, ती या योजनेत बसत नाही आणि नंतर गावावर केस होईल. बांधाच्या पायथ्याला लागून खोदू नका, तिथं बकेट लागलं तर बांधच कमजोर होतो. किती खोल जायचं ते इंजिनिअरला जागेवर खुणा करायला लावूनच ठरवा.

लोकांना फायदा सांगताना ब्रासमध्ये सांगा, पटकन कळतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, तेवढा गाळ निघाला की २,८३० लिटर पाण्याला जागा झाली. हजार ब्रास काढलात तर २८ लाख लिटरची जागा, आणि पावसाळ्यात तळं जितक्यांदा भरून पाझरेल तितक्यांदा ती कामी येते.

पण दादा खरी परीक्षा पाणी आल्यावर असते. तळ्याखालच्या विहिरींना पाणी चढलं की दुसऱ्याच हिवाळ्यात बोअरच्या गाड्या येतात आणि ज्याच्याकडे पैसा तो ऊस लावतो, मग वर्गणी सगळ्यांची आणि पाणी चौघांचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवारांबरोबर जे केलं त्यातलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं, शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी आलं किती आणि लागणार किती याचा हिशोब, मांडून ग्रामसभेतच पिकं ठरवायची. तुमच्या गावाला एवढं लगेच झेपणार नाही, पण तळ्याच्या खालच्या बाजूला नवीन बोअर घ्यायची नाही एवढा एक ठराव तरी वर्गणीची पहिली पावती फाडायच्या आधी करून घ्या.

प्रश्न: आम्ही गावाकडची मुंबईत राहणारी मंडळी, आमच्या शाळेला मोठा टीव्ही दिला होता, तो कपाटात बंद आहे. या वर्षी परत पैसे जमलेत, काय द्यावं? (एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, काय द्यावं हे मुंबईत ठरवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असतात, त्यांची मीटिंग लावा आणि तुमच्यातल्या एकीने तिथं जाऊन नुसतं ऐका. बहुतेक वेळा टीव्ही बंद पडतो तो वीजबिल भरायला पैसे नसतात म्हणून, किंवा वायरिंग जळालेलं असतं, किंवा हरवला तर भरून द्यावा लागेल या भीतीने बाईच तो बाहेर काढत नाहीत. आधी कपाट उघडा, तो चालतो का बघा. चालत असेल तर जमलेल्या पैशातून वर्षभराचं बिल आणि एका वायरमनची मजुरी द्या. आणि मुलींच्या संडासात पाणी येतं का ते स्वतः आत जाऊन नळ सोडून बघा, हे कुणी पत्रात लिहून पाठवत नाही.