भाच्याला नोकरी लागेल का?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा भाचा मित्रांसोबत दुचाकी चोरताना सापडला. बाल न्याय मंडळानं त्याला घरीच ठेवून समुपदेशन आणि सामुदायिक सेवा करायला सांगितली. गल्लीत म्हणतात, याला आता नोकरी लागत नाही. खरं काय?
– एक मावशी, इतवारी, नागपूर

उत्तर : मावशी, गल्लीचं मनावर घेऊ नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मुलगा कशालाही अपात्र ठरत नाही. (निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला तर गोष्ट वेगळी, चोरी त्यात येत नाही.) ठरलेल्या मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. आदेशात तसं लिहिलंय का, ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून बघून घ्या. फी लागत नाही.

परिवीक्षा अधिकारी (मुलावर देखरेख ठेवणारे) घरी आले की पोराच्या चुकांचा पाढा वाचू नका. चहा द्या, त्याला स्वतः बोलू द्या. आणि संध्याकाळ मोकळी सोडू नका बाप्पा! आपल्याच नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तो उगाच नाही.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी त्याचा फोटो टाकला, तर याच कायद्याचं कलम ७४ दाखवा. अशा मुलाची ओळख उघड करायला त्यात बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.