अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना कॅल्क्युलस विथड्रॉ करून (मध्येच सोडून) त्याऐवजी क्लेपची परीक्षा दिली तर चालेल का?

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची परिस्थिती आधी थोडक्यात सांगते. तुम्ही एफ-1 वर आहात, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे, या सेमिस्टरला 13 क्रेडिट घेतलेत, त्यातलं 4 क्रेडिटचं कॅल्क्युलस वन जड जातंय, पहिल्या मिडटर्मला 41 पडले आणि रूममेट म्हणतोय की कोर्स सोडून दे, क्लेप, म्हणजे वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय, तिच्यातून तेच क्रेडिट मिळव. मी न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात काम करते, ऑक्टोबर उजाडला की हाच प्रश्न घेऊन मुलं येतात, त्यात आपली मराठी मुलंही असतात.

पहिली गोष्ट, कॉलेजच्या पोर्टलवरचं विथड्रॉचं बटण आत्ता अजिबात दाबू नका. 13 मधून 4 गेले की उरले 9, आणि एफ-1 वरच्या अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फॉल आणि स्प्रिंगला कमीत कमी 12 लागतात. पोर्टल तुम्हाला अडवेलच असं नाही, कारण कॉलेजच्या नियमाने कोर्स सोडायचा तुम्हाला हक्क आहे, अडचण आहे ती इमिग्रेशनची. इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओ म्हणून, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणारे, जे अधिकारी असतात त्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. न विचारता 12 च्या खाली गेलात तर सेव्हिसमधला (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी सिस्टिम) तुमचा रेकॉर्ड बंद होऊ शकतो, मग रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे व्हिसाचा दर्जा परत मिळवायचा, अर्ज करा, फी भरा, वाट बघत बसा. आणि क्लेपचे क्रेडिट या 12 मध्ये धरत नाहीत, कारण ती परीक्षा आहे, वर्गात बसून घेतलेला कोर्स नाही. रूममेट अमेरिकन असेल तर त्याच्यासाठी तो सल्ला कदाचित बरोबरही असेल, तुमच्यासाठी नाही.

आता डब्ल्यूची, म्हणजे कोर्स विथड्रॉ केला की ग्रेडच्या जागी येणाऱ्या शेऱ्याची, भीती. आपल्याकडे केटी लागली की घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं, म्हणून ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर) डब्ल्यू येणार म्हटलं की मुलं घाबरतात. पण डब्ल्यू म्हणजे नापास नाही, तो जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सोडलं तर तो ड्रॉप, त्याची ट्रान्सक्रिप्टवर नोंदही राहत नाही आणि फी बहुतेक परत मिळते. त्यानंतर सोडलं तर विथड्रॉ, फी बहुतेक ठिकाणी गेली ती गेली, आणि त्याची शेवटची तारीख साधारण दहाव्या आठवड्याच्या आसपास असते, पण प्रत्येक कॉलेजची वेगळी, ॲकॅडेमिक कॅलेंडरमध्ये स्वतः बघा. एखादा डब्ल्यू बघून पुढे कुणी दार लावत नाही. दर सेमिस्टरला यायला लागले तर मात्र प्रश्न विचारले जातात. स्कॉलरशिप असेल तर वर्षाला किती क्रेडिट पूर्ण करायची अट आहे ते तिच्या पत्रात वाचा, तिथे डब्ल्यू नडू शकतो. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाली असतील आणि फेडरल एड (सरकारी आर्थिक मदत) घेत असतील तर त्यांनीही लक्ष द्या, डब्ल्यू अटेम्प्टेड, म्हणजे घेतलेल्या, क्रेडिटमध्ये धरला जातो, आणि घेतलेल्यापैकी साधारण 67 टक्के पूर्ण व्हावे लागतात.)

विथड्रॉ करायचं की नाही हे ठरवायच्या आधी सिलॅबस काढा आणि कागदावर हिशोब मांडा. ऑफिसात मी मुलांकडून हेच आधी करून घेते. समजा दोन मिडटर्म 20-20 टक्के, होमवर्क आणि क्विझ 25, फायनल 35. तुमचे 41 म्हणजे 8.2 मार्क झाले, होमवर्क-क्विझची सरासरी 80 राहिली तर त्याचे 20, एकूण 28.2. सी ग्रेडसाठी 70 लागत असतील तर उरलेल्या 55 मधून 41.8 हवेत, म्हणजे दुसरी मिडटर्म आणि फायनल मिळून सरासरी 76. 41 वरून 76 अवघड आहे, पण पहिला पेपर आजारपणात गेला असेल किंवा नुसता वेळ पुरला नसेल तर अशक्य नाही. मुळात ट्रिगच (त्रिकोणमिती) कच्चं असेल तर मात्र मी सोडायलाच सांगते. डी मिळाला तरी तसा फायदा नाही कारण कॅल्क्युलस टू ला बसायला बहुतेक ठिकाणी सी लागतो. हा कागद घेऊन प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जा आणि सरळ विचारा, माझं जमेल असं तुम्हाला वाटतं का? बहुतेक प्रोफेसर खरं ते सांगतात.

सोडायचंच ठरलं तर माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता लेट स्टार्ट कोर्सचा. बऱ्याच कॉलेजात सेमिस्टरच्या मध्यावर सुरू होणारे सात-आठ आठवड्यांचे कोर्स असतात. तसा 3 क्रेडिटचा एक मिळाला तर 9 अधिक 3, बरोबर 12. पण आधी तो घ्यायचा, मग कॅल्क्युलस सोडायचं, उलट नाही. आणि तो वर्गात भरणारा बघा, कारण या 12 मध्ये ऑनलाइनचे एका टर्मला फक्त एक कोर्स किंवा 3 क्रेडिटच चालतात.

तसा कोर्स नसेल तर डीएसओकडे रिड्यूस्ड कोर्स लोड, म्हणजे 12 पेक्षा कमी क्रेडिट घ्यायची सवलत, मागता येतो. इथली शिकवायची पद्धत नवीन आहे, इंग्रजी वाचन जड जातंय, किंवा आपल्या तयारीपेक्षा वरच्या लेव्हलला टाकलं गेलंय, अशी कारणं त्यात बसतात. नुसतं मार्क कमी पडतायत एवढं पुरत नाही. किमान 6 क्रेडिट ठेवावे लागतात, तुमचे 9 आहेत म्हणजे तिथे अडचण नाही. पण ही सवलत एका डिग्री लेव्हलला एकदाच मिळते आणि पुढच्या सेमिस्टरला परत पूर्ण 12, त्यामुळे पहिल्याच वर्षी वापरावी का याचा विचार करा. तब्येतीचं कारण खरंच असेल, मनाच्या तब्येतीचंही, तर त्याची वेगळी तरतूद आहे, डॉक्टर किंवा लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, परदेशात एकटं राहून हे सगळं ओढणं सोपं नसतं.

राहिली क्लेप. परीक्षा चांगली आहे, कॉलेज बोर्डाची, स्कोअर 20 ते 80, आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस 50 ला क्रेडिट द्यावं अशी आहे. पण ती शिफारसच, द्यायचं की नाही हे कॉलेज ठरवतं, आणि इंजिनिअरिंगवाले कॅल्क्युलससाठी बऱ्याचदा क्लेप घेत नाहीत. जो कोर्स एकदा घेऊन सोडलाय त्याची क्लेप चालणार नाही असाही नियम कित्येक कॉलेजात असतो. क्रेडिट मिळालं तरी ग्रेड नसते, जीपीए वर जात नाही. मॅक्रोइकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, अमेरिकन हिस्टरी असे जनरल एज्युकेशनचे विषय मात्र क्लेपने जरूर काढा, मॉडर्न स्टेट्स या संस्थेच्या साइटवर फुकट तयारी करून परीक्षेचं व्हाउचर मिळवता येतं. एकदा नाही जमली तर तीच परीक्षा परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. मराठीची क्लेप आहे का हे मला नेहमी विचारतात, नाही, भाषांमध्ये फक्त फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश आहेत.

कॅल्क्युलस परत घ्यायचं तर समरला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेता येतं, तिथे फी खूपच कमी असते. आधी तुमच्या डिपार्टमेंटकडून ते ट्रान्स्फर होईल असं लेखी घ्या.

उद्या सकाळीच डीएसओंना मेल टाका, त्यात स्टुडंट आयडी, आत्ताचे 13 क्रेडिट, कुठला कोर्स सोडायचाय आणि विथड्रॉची शेवटची तारीख एवढं लिहा, म्हणजे त्यांना परत विचारत बसावं लागणार नाही. आणि लेखी उत्तर येईपर्यंत कॅल्क्युलसच्या वर्गाला जात राहा, क्विझही देत राहा, कारण परवानगी नाही मिळाली तर तोच कोर्स पूर्ण करायचाय.