वाचकांचे प्रश्न : फाटकाचा गंज, कप्पी आणि कडबाकुट्टी

प्रश्न : आमचे घर देवगडजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. अंगणाच्या लोखंडी फाटकाला दर दिवाळीत रंग देतो, तरी पावसाळ्याआधीच रंगाखाली फुगवटे येतात. बिजागऱ्यांवर स्प्रे मारला की करकर आठ दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. विहिरीवरची कप्पीही जड झाली आहे. आमचे काय चुकते?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपण दर दिवाळीला रंग देता तो बहुधा लोखंडाला नव्हे, त्यावरच्या मिठाला. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसते, आणि वरून सारे कोरडे दिसत असले तरी ते हवेतला ओलावा ओढून घेत राहते, त्यामुळे रंगाखाली गंजण्याचे काम चालूच असते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. आपल्याला दिसतात ते फुगवटे हेच.

तेव्हा पोपडे खरवडून, तारेचा ब्रश मारून झाला की लगेच प्रायमरचा डबा उघडू नका. फाटक गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा ब्रशने घासून धुवा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, ते या कामाला चालणार नाही. धुतल्यावर कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. वाळताना हलकी नारिंगी झाक येईल, ती बारीक पॉलिश पेपरने काढा आणि थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. कोपऱ्यांत घट्ट धरून बसलेला गंज उरेल, त्यासाठी टॅनिक आम्लाचे ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळते. ते लावल्यावर गंज निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई ज्या रसायनाने काळी होत असे, तेच हे. मात्र सुटणाऱ्या पोपड्यांवर ते लावून उपयोग नाही आणि ते रंगाची जागाही घेत नाही. त्यावर झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि मग एनॅमलचे दोन हात द्यावेत. सकाळच्या दवात किंवा दमट संध्याकाळी रंग देऊ नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकललेले बरे. फाटक पोकळ पाइपचे असेल तर आडव्या पाइपच्या तळाला पाच मिलिमीटरचे भोक पाडून घ्या, कारण आत साचलेले पाणी बाहेरच्या कोणत्याही रंगाला दाद देत नाही.

फरशी धुण्याचे ॲसिड लावून गंज झटपट काढण्याचा मोह होतो. मीही एकदा खिडकीचे गज तसे काढले होते. संध्याकाळी ते चांदीसारखे चकचकीत होते आणि सकाळी कुंकवासारखे लाल. त्या ॲसिडमधले क्लोराइड लोखंडावरच राहते, म्हणजे समुद्राने केले तेच आपण बाटलीतून केले.

आता बिजागऱ्या. आपला स्प्रे कोणता ते आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक घरांत डब्ल्यूडी-४० किंवा त्याच्यासारखा दुसरा असतो. १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झालेल्या त्या द्रवाच्या नावाचा अर्थच ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयत्न’ असा आहे. जाम झालेला नट सोडवायला तो उत्तम. पण त्यातला पातळ करणारा भाग उडून जातो, मागे तेलाचा अगदी पातळ थर उरतो, आणि जुने ग्रीस मात्र धुतले जाते. म्हणून आठ दिवसांची शांतता. दोघांनी मिळून, खाली लाकडाची फळी घालून पहारीने फाटक उचला, बिजागरीची पिन बाहेर काढा, रॉकेलच्या फडक्याने काळा चिकटा पुसा आणि कॅल्शियम किंवा लिथियम ग्रीसचा थर द्या. पावसात कॅल्शियम ग्रीस चांगले टिकते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तिथे पितळी वायसर घाला. कोकणात खोबरेल हाताशी असते म्हणून तेच घातले जाते, पण ते हवेने हळूहळू चिकट होते आणि २४ अंशांच्या खाली थिजते. आधी रंग, मग ग्रीस, हा क्रम मोडू नका. ग्रीसचा हात लागलेल्या जागी रंग धरत नाही.

कप्पीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्याखाली पिण्याचे पाणी आहे. तिला विहिरीवर असताना तेल घालू नका. काढून बाजूला आणा, धुवा आणि आस तपासा. आसाचे भोक अंड्यासारखे लांबट झाले असेल तर कोणतेही वंगण ती हलकी करणार नाही, कप्पीच बदलावी लागेल. भोक गोल असेल तर अन्नप्रक्रियेच्या यंत्रांसाठी मिळणारे ग्रीस बोटभर लावून बाहेर आलेले सगळे पुसून टाका.

प्रश्न : आमची हाताची कडबाकुट्टी गोठ्याबाहेर उघड्यावर असते. दातेरी चाके जड फिरतात, म्हणून ट्रॅक्टरचे जळके ऑइल घालतो. ते बरोबर आहे का?
— एक शेतकरी वाचक, लातूर

उत्तर : नाही. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचा धातू आणि काजळी असते, आणि कुट्टी जनावरांच्या पोटात जाते. शिवाय तुमच्याकडे मिठापेक्षा धूळ हा शत्रू आहे : तेलात माती मिसळली की दात्यांना पॉलिश पेपर लावल्यासारखे होते. चाक दोरीने पक्के बांधून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. नंतर ब्रशने आणि रॉकेलने दाते स्वच्छ करा, ग्रीस पातळ लावा आणि जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत बेअरिंगच्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरण्याच्या छोट्या तोंडातून, नवे भरा. पात्यांना काम संपल्यावर तेलाचे फडके फिरवा आणि पुढच्या वेळी चारा घालण्याआधी ते पुसून काढा. यंत्र झाकताना प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते. वर पत्रा टाकून बाजू मोकळ्या ठेवा.