लंडनला येण्याआधी व्हिसाच्या अटी नीट वाच

तू लिहिलेलं थोडक्यात असं: पुण्यात कॉलेजच्या एकांकिका केल्या, मग मुंबईत हिंदी-मराठी डबिंग, अधूनमधून मालिकेत छोटी कामं. आता लंडनला अभिनयाचं एक वर्षाचं एमए करायचंय, शिकता शिकता व्हॉइस-ओव्हर करून खर्च भागवायचाय आणि पुढे दोन भाषांतला नट म्हणून इथेच राहायचंय. जमेल का? ताई म्हणालास, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. नट म्हणून टिकणं अवघड असलं तरी जमतं. शिकता शिकता व्हॉइस-ओव्हर मात्र जमणार नाही, कारण कायद्यालाच ते मान्य नाही.

स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, एवढंच सगळे एजंट सांगतात. त्याच व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि व्यावसायिक कलावंत म्हणूनही काम करता येत नाही, हे सांगत नाहीत. व्हॉइस-ओव्हर म्हणजे बिल पाठवून पैसे घेणं, म्हणजे स्वयंरोजगारच. इथल्या खोलीत बसून मुंबईच्या स्टुडिओला आवाज पाठवला तरी काम इथे बसूनच केलं असं धरतात. कॅफेत किंवा थिएटरच्या तिकीट खिडकीवर पगारी नोकरी चालते. त्यामुळे तुझ्या बजेटमधून व्हॉइस-ओव्हरची रक्कम आज काढून टाक आणि मग आकडे जमतात का ते बघ. परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्यांपेक्षा बरीच जास्त असते, शिवाय स्टुडंट व्हिसावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड.

पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर फ्रीलान्स खुशाल करता येतं. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच्या अर्जांना तो २ वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमएवाल्यांना १८ महिन्यांचाच मिळणार. तुझी खरी उमेदवारी तेवढ्या काळातली. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसाला ठरलेला वार्षिक पगार देणारा मालक लागतो. नटाला वर्षाचा पगार कोण देणार? राहतो ग्लोबल टॅलेंट व्हिसा. त्यात रंगभूमीसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून शिफारस मिळवावी लागते, सिनेमा-टीव्हीवाल्यांचे अर्ज पॅक्ट ही निर्मात्यांची संघटना तपासते. पुरावा मागतात: परीक्षणं, पुरस्कार, जाणत्या लोकांची पत्रं. म्हणून प्रायोगिक नाटकांची कात्रणं, ब्रोशर, करार यांची फाइल आजपासून लाव.

लंडनमध्ये जम बसलेल्या आपल्या लोकांचे अनुभव वाचताना ते कोणत्या व्हिसावर आले, हे आधी विचारत जा. मी नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले. मला सुरुवातीपासून फ्रीलान्स करता आलं आणि घरभाडं दुसऱ्याच्या पगारातून जात होतं. माझ्या चिकाटीचं कौतुक करणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही.

आता भाषेचं. मराठीचा इथे बाजार नाही, हे मनाला लागलं तरी ऐकून ठेव. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश, रोमानियन, पंजाबी, उर्दू अशी रांग होती. सरकारी आरोग्य संदेश, आशियाई रेडिओवरच्या जाहिराती, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ यांत पंजाबी, उर्दू, गुजराती, बंगाली आणि हिंदी मागतात. मराठी डबिंग मुंबईतच होतं आणि ते तिथेच राहणार. म्हणजे तुझी दुसरी भाषा हिंदी. ती ‘मराठी हिंदी’ असेल तर इथला हिंदीभाषक दिग्दर्शक पहिल्या वाक्यात पकडतो. लिंग आणि ‘ने’चा प्रयोग घोटून ये. उर्दूचे नुक्ते, म्हणजे ज़, फ़ असे उच्चार, जमले तर कामं वाढतात, पण उर्दूभाषक नट इथे पुष्कळ आहेत, त्यांच्यासमोर उर्दू येते म्हणून मिरवू नकोस.

मराठी कामी येते ती एका मजेदार जागी. तू मुंबईत ज्याला क्राउड डबिंग म्हणतोस, ते इथे ‘लूप ग्रुप’ करतात. चित्रपटातला बाजार, स्टेशन, लग्नाचा मांडव. पडद्यावर तोंडं हलतायत आणि पाच-सहा जण माइकभोवती उभे राहून संहितेशिवाय बोलतायत. प्रसंग मुंबईचा असेल तर कोळणीशी घासाघीस करणारा माणूस त्यांना हवाच असतो. तिथे तुझं कॉलेजच्या तालमीतलं इम्प्रोव्हायझेशन सोन्यासारखं चालतं. शिवाय एकाच दिवसात पोलीस, गाडीवाला, कंटाळलेला कारकून असं सगळं व्हावं लागतं. ही कामं ओळखीतून फिरतात, जाहिरात क्वचितच दिसते.

इंग्रजी उच्चारांबद्दल विचारलंस. बीबीसीछाप इंग्रजी ओढूनताणून आणू नकोस. तसं बोलणारे इथे हजारो बसलेत. तुझं स्वतःचं भारतीय इंग्रजी स्वच्छ कर. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मागे किंचित हवा सोडायला शीक, व्ही आणि डब्ल्यू वेगळे कर, वाक्यातला जोर कुठे पडतो ते कान देऊन ऐक. बर्मिंगहॅम किंवा साउथॉलमध्ये वाढलेल्या आशियाई मुलांची इंग्रजी ही एक तिसरीच बोली आहे. ‘ब्रिटिश आशियाई’ भूमिका त्याच बोलीत असतात आणि त्या बोलीत वाढलेल्या नटांना मिळतात. तुझ्या वाट्याला भारतातून आलेला डॉक्टर, इंजिनिअर, नवरा येणार. काहींना ते साचेबंद वाटतं. मला वाटतं, निदान ते तरी आपण नीट करावं.

पैशांची पद्धत वेगळी आहे. मुंबईत बहुतेक वेळा एकरकमी पैसे आणि आवाजावर कायमचं पाणी. इथे जाहिरातीचे दोन भाग: स्टुडिओत बसल्याचे पैसे वेगळे आणि आवाज वापरण्याचे वेगळे. कुठे वाजणार, किती महिने, टीव्ही की नुसतं ऑनलाइन, कोणत्या देशात, यावर दुसरा भाग ठरतो आणि मुदत संपल्यावर पुन्हा द्यावा लागतो. म्हणून भाव सांगण्याआधी हे प्रश्न विचार. भारतीय एजन्सी लंडनमधल्या नटाला मुंबईचा दर देऊ पाहते, तिथे तुला ठाम राहावं लागेल. वेळेचा मात्र फायदा आहे. उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, म्हणजे तुझी सकाळ ही मुंबईची दुपार.

करारात ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशा अर्थाचं काही दिसलं की थांब. तुझ्या ध्वनिमुद्रणावरून यंत्राचा आवाज तयार करणार का, हे लेखी विचार आणि नकार असेल तर तोही लेखी घे. फोनवरच्या सूचना आणि स्वस्त ई-लर्निंग ही नवख्यांची पायरी होती. तीच यंत्राने आधी खायला घेतलीय. इक्विटी ही १९३० ची नटांची युनियन या प्रश्नावर २०२२ पासून मोहीम चालवते आहे. पगारी काम दाखवता आलं की तिचं सदस्यत्व घे, करार दाखवायला माणूस मिळतो. स्पॉटलाइट या डिरेक्टरीत नाव असल्याशिवाय कास्टिंगवाल्यांपर्यंत पोचणं कठीण. तिथेही प्रशिक्षण किंवा व्यावसायिक काम दाखवावं लागतं, एमए तिथे उपयोगी पडेल. एजंट तुझ्या कमाईतून टक्केवारी घेतो. आधीच ‘नोंदणी’चे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करायचा आणि निघायचं.

घरचा स्टुडिओ लागतोच. महागडा माइक घेण्याआधी खोली बघ. इथल्या भिंतींतून शेजाऱ्याची शिंकही ऐकू येते. भाडं परवडतं म्हणून आपली मंडळी हाउन्स्लोला जातात आणि तो भाग हीथ्रोच्या विमानांखाली येतो. तिथे राहणारा कलाकार रात्री उशिरा रेकॉर्ड करतो, तेव्हा विमानं जवळपास थांबलेली असतात. कपड्यांचं भरलेलं कपाट आणि जाड रजया यांनी सुरुवात छान होते. ऑडिओबुकसाठी एसीएक्ससारखे मंच मोजून बघतात: खोलीचा गोंगाट −६० डेसिबलच्या खाली, आवाजाची सरासरी −२३ ते −१८ च्या मध्ये, सर्वांत मोठा आवाज −३ च्या खाली. इंग्रजी पुस्तकाचे साधारण ९,३०० शब्द म्हणजे एक तयार तास, आणि मोबदला त्या तयार तासाचा. वाचन, चुका आणि एडिटिंग धरलं तर तुझे किती तास गेले ते तूच मोज.

दोन कामांच्या मधे नट काय करतो, हे तू विचारलं नाहीस, पण तेच महत्त्वाचं. इथे ‘रोगी’ व्हायची कामं असतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेत नट छातीत दुखणारा, चिडलेला, वाईट बातमी ऐकणारा रोगी होतो. भारतातून आलेले डॉक्टर इथे नोंदणीसाठी जी प्लॅब-२ परीक्षा मँचेस्टरला देतात, तीही अशाच नटांसमोर. पैसे वेळेवर येतात, सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतं आणि एकच प्रसंग दिवसभर त्याच तीव्रतेने करायचा असल्याने कसही लागतो. दुभाषाचं कामही आहे. त्यासाठी डीपीएसआय नावाची पदविका आहे. तिथे मराठी मागतात, कमी का होईना.

ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स सुरू केलंस की करखात्याकडे नाव नोंदव. वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ऑनलाइन विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत. माइक, एजंटचं कमिशन, स्पॉटलाइटची वर्गणी हा सगळा खर्च दाखवता येतो, पावत्या जप. बिलाचे पैसे यायला महिना-दोन महिने लागतात.

नाटकासाठी तारा, तमाशा, काली, रिफ्को या दक्षिण आशियाई कंपन्यांची कामं येऊन बघ. तारा १९७७ पासून आहे, तमाशा १९८९ पासून. (नाव ऐकून ढोलकी-घुंगरू शोधू नकोस.) डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ पासूनचं आहे ते, आपल्या भाषेत बोलायला मिळेल. व्यवसाय मिळणार नाही. तरी जा.

निघण्याआधीचं एकच तातडीचं काम: डबिंग केलेल्या प्रत्येक स्टुडिओकडून तुझ्या आवाजाचे तुकडे आणि ते व्हॉइसरीलमध्ये, म्हणजे काम मागताना ऐकवायच्या नमुन्यात, वापरायची लेखी परवानगी घे. मुंबईत असताना चहाला जाऊन मागता येतात. इथून केलेल्या ईमेलला कुणी उत्तर देत नाही. व्हॉइसरील दीड मिनिटाच्या वर नको. हिंदी वेगळी, भारतीय इंग्रजी वेगळी, आणि पहिल्या दहा सेकंदांत तुझा साधा, बोलता आवाज. मागे संगीत टाकू नकोस. तयार झाली की मला पाठव, फी भरण्याआधी.